आखाड्यातली बुवाबाजी

जपानमधल्या यानागी रियुकेन या गुरूंच्या प्रात्यक्षिकाची चित्रफीत आजही पाहायला मिळते. शिष्य एकामागून एक त्यांच्या अंगावर धावून येतात. गुरू जागचे हलत नाहीत. ते हवेत हात फिरवतात आणि शिष्य कोलांट्या खात कोसळतात. कुणाच्या अंगाला बोटही लागत नाही. आपण दोनशे लढती जिंकल्या आणि एकही हरलो नाही, असा त्यांचा दावा होता. आपल्या शक्तीवर त्यांचा इतका भरवसा होता, की कुणीही समोर यावं म्हणून त्यांनी पैजही लावली. २००६मध्ये इवाकुरा गो या मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूने ती स्वीकारली.

त्या लढतीचीही चित्रफीत आहे. गुरू नेहमीसारखे हात उंचावतात. समोरचा माणूस पडत नाही. तो सरळ पुढे येतो आणि ठोसा मारतो. गुरू चेहऱ्यावर हात धरून थांबतात. थोड्या वेळाने लढत पुन्हा सुरू होते आणि पुढच्या काही क्षणांत संपते.

ही चित्रफीत अनेक जण हसण्यासाठी पाहतात. मला ती पाहताना हसू येत नाही. लबाड माणूस असली पैज लावत नाही, तो कसोटीपासून चार हात दूर राहतो. हे वृद्ध गृहस्थ स्वतःच्या पायांनी आखाड्यात उतरले, म्हणजे त्यांचा स्वतःचा त्या शक्तीवर विश्वास होता. मग प्रश्न असा उरतो, की धडधाकट, शिकलेली, वर्षानुवर्षं घाम गाळणारी माणसं आणि त्यांचा गुरू हे सगळे मिळून इतकं खोटं खरं कसं मानू लागतात? आपल्याकडे बुवाबाजी म्हटलं की विभूती, ताईत, दरबार डोळ्यांसमोर येतात. पण ती व्यायामाच्या, शिस्तीच्या आणि शौर्याच्या जागीही मुक्काम करते, आणि तिथे ती ओळखायला जास्त अवघड जाते.

पडायची सवय

सुरुवात अगदी रास्त कारणाने होते. मनगट पिळण्याचा एखादा डाव घ्या. एकाने मनगट धरायचं, दुसऱ्याने ते विशिष्ट कोनात वळवायचं. धरणाऱ्याने शेवटपर्यंत ताठ राहायचं ठरवलं, तर सांधा दुखावतो. म्हणून नवख्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, की पीळ जाणवला की अंग सोड, त्या दिशेने लोळण घे. आयकिदोसारख्या कलांमध्ये बराचसा सराव असाच एकमेकांच्या सहकार्याने चालतो. त्यात काही गैर नाही. दुखापत न होता शेकडो वेळा सराव करायचा तर दुसरा मार्गही नाही.

पण शरीर लवकर शिकतं. पहिल्या महिन्यात शिष्य पीळ बसल्यावर पडतो. वर्षभराने पीळ बसायच्या बेतात असतानाच पडतो. आणखी काही वर्षांनी गुरूंचा खांदा हलला की त्याचे पाय आपोआप उचलले जातात. तो नाटक करत नसतो. त्याला खरोखर काहीतरी जाणवत असतं. हजारो वेळा एका इशाऱ्यामागून पडलेल्या शरीराला तो इशारा म्हणजेच धक्का वाटू लागतो. एव्हाना स्पर्शाची गरज संपलेली असते.

अशा वर्गात नवीन मुलगा येतो. गुरू हात फिरवतात आणि त्याला काहीच वाटत नाही. तो उभाच राहतो. मग त्याला समजावून सांगितलं जातं, की तू फार ताठर आहेस, तुझं मन अजून मोकळं झालेलं नाही, शक्ती जाणवायला वेळ लागतो. आजूबाजूचे सगळे तर पडत असतात. पुढच्या वेळी तोही थोडा झुकतो. झुकल्यावर शाबासकी मिळते.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात केलेले प्रयोग इथे आठवावेत. काम सोपं होतं. दिलेल्या रेघेएवढी दुसरी रेघ तीन रेघांतून ओळखायची. खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले असत आणि ठरवून चुकीचं उत्तर देत. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही खऱ्या सहभागी माणसांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या चुकीकडे वळली. सुमारे तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी बहुमताला शरण गेली. मात्र खोलीतल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे शरण जाणं झपाट्याने कमी झालं. न पडणारा एक जण वर्गात असेल, तर दुसऱ्यालाही उभं राहायचं बळ मिळतं. म्हणूनच असे वर्ग न पडणाऱ्याला फार काळ ठेवून घेत नाहीत.

आता गुरूंच्या बाजूने पाहा. ते रोज हात फिरवतात आणि रोज माणसं कोसळतात. आपल्या शक्तीचा पुरावा त्यांना दिवसातून शंभरदा मिळतो. तो पुरावा देणारी माणसं आपणच घडवली आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. शिष्य गुरूंवर विश्वास ठेवून पडतात आणि त्यांचं पडणं पाहून गुरूंचा स्वतःवरचा विश्वास वाढतो. या वर्तुळात बाहेरच्या कुणाला शिरकाव नसतो. यानागी यांच्यासाठी ते वर्तुळ एका ठोशाने तुटलं. बहुतेक ठिकाणी ते कधीच तुटत नाही.

तयार खुलासे

ते तुटायची वेळ आली, की खुलासे तयार असतात. अमेरिकेतले जॉर्ज डिलमन हे कराटेतलं मोठं नाव. स्पर्श न करता माणसाला बेशुद्ध करता येतं, असा त्यांचा दावा होता. नॅशनल जिओग्राफिक वाहिनीच्या एका कार्यक्रमात तो तपासला गेला. त्यांच्या शिष्यांवर चालणारी ही विद्या शंका घेणाऱ्या माणसावर चालली नाही. त्यावर डिलमन यांनी सांगितलं, की समोरच्याची जीभ तोंडात भलत्या जागी असेल किंवा त्याने पायाचे अंगठे विशिष्ट तऱ्हेने ठेवले असतील, तर परिणाम नाहीसा होऊ शकतो.

असं काही आपल्या देशातही घडलं आहे. मार्च २००८मध्ये एका हिंदी वृत्तवाहिनीवर एका तांत्रिकाने विवेकवादी कार्यकर्ते सनल इडामारुकू यांना मंत्राने मारून दाखवण्याचा प्रयत्न केला. तासन्‌तास प्रक्षेपण चालू होतं. इडामारुकू हसतमुख बसून राहिले. शेवटी तांत्रिक म्हणाला, की यांच्यामागे कुठल्यातरी बलवान दैवताचं संरक्षण असलं पाहिजे. इडामारुकू तर नास्तिक. कराटेतला काळा पट्टा आणि तांत्रिकाची माळ यांत दिसायला काही साम्य नाही, पण दोघांच्या खुलाशांची घडण एकच आहे. यश आलं तर ते विद्येचं आणि अपयश आलं तर दोष समोरच्याचा. अशा दाव्याला कुठलीच घटना खोटं ठरवू शकत नाही. जो दावा कशानेच खोटा ठरत नाही, त्याच्यावर कुणाचाही जीव सोपवू नये.

याहून प्रतिष्ठित खुलासा म्हणजे, ‘आमचे डाव इतके घातक आहेत, की ते खरोखर करून पाहता येत नाहीत’. ऐकायला तो जबाबदारीचा वाटतो. पण या प्रश्नाचं उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात मोजक्या शिष्यांना घेऊन कोदोकान सुरू केलं आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवलं. फार घातक डाव त्यांनी ‘काता’साठी, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या सरावासाठी राखून ठेवले. बाकीची फेक, धरपकड, दाबून ठेवणं हे सगळं ‘रांदोरी’त आणलं. रांदोरीत समोरचा माणूस पूर्ण ताकदीने विरोध करतो आणि त्याला पडायचं नसतं. वरवर पाहता कानोंनी कला सौम्य केली. प्रत्यक्षात त्यांचे शिष्य अधिक सरस ठरले. विरोध करणाऱ्या माणसावर रोज वापरलेला साधा डाव हा कधीच न वापरलेल्या प्राणघातक डावापेक्षा भरवशाचा असतो. कानो पेशाने शिक्षक होते. विद्यार्थ्याला विरोध करू दिल्याशिवाय शिक्षण होत नाही, हे त्यांनी आखाड्यात उतरवलं.

पैसा, पट्टे आणि नाती

खोटी शक्ती हे या रोगाचं ठळक लक्षण, पण घातक भाग वेगळाच आहे. शिष्याच्या आयुष्यावर गुरूची पकड बसते, ती खोट्या शक्तीशिवायही बसू शकते.

अमेरिकेत शिकागो परिसरातून पसरलेल्या चुंग मू क्वान या शाळांची गोष्ट बोलकी आहे. संस्थापक जॉन किम यांच्या शाळांत आठ युद्धकला एकत्र शिकवल्या जातात, असं सांगितलं जाई. संस्थापकांच्या अचाट पराक्रमाच्या कथा शिष्यांमध्ये पसरलेल्या होत्या. १९९०च्या दशकात किम आणि त्यांच्या काही प्रशिक्षकांना शाळांच्या उत्पन्नावरचा कर चुकवण्याच्या कटाबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं आणि किम यांना तुरुंगवास झाला. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. नाव बदलून त्या चालू राहिल्या.

तुरुंगात गेलेल्या गुरूची शाळा कशी टिकते? पकड एका दिवसात बसत नाही, म्हणून. आधी आठवड्यातले दोन दिवस, मग चार, मग रविवारचं शिबिर. पट्ट्याच्या प्रत्येक रंगाला वेगळी परीक्षा, वेगळी फी. काळ्या पट्ट्यानंतरही आणखी गुप्त, आणखी वरचं काहीतरी शिल्लक असतंच. जुने मित्र मागे पडतात, कारण संध्याकाळ क्लासमध्ये जाते. नवे मित्र सगळे क्लासमधलेच. काहींना तिथेच जोडीदार भेटतो, काहींना तिथेच नोकरी मिळते. मग एक दिवस शंका आली, तरी ती बोलून दाखवायची किंमत फार मोठी झालेली असते. क्लास सोडायचा म्हणजे मित्र, पोट, मान आणि स्वतःची दहा वर्षं एका झटक्यात सोडायची.

इथे आणखी एक गोष्ट काम करते. एलियट अ‍ॅरनसन आणि जडसन मिल्स यांनी १९५९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेण्याआधी अवघडून टाकणारी प्रवेशपरीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य परीक्षा, काहींना कुठलीच नाही. मग सगळ्यांना मुद्दाम कंटाळवाणी ठेवलेली चर्चा ऐकवली. कडक परीक्षेतून गेलेल्यांना तीच चर्चा सर्वांत चांगली वाटली. ज्यासाठी आपण सोसलं ते फालतू असू शकतं, हे माणसाला मान्य होत नाही. थंडीत उघड्यावर तासभर उभं केलेला, छडी खाल्लेला, हजार बैठका मारलेला शिष्य म्हणूनच सर्वांत कडवा पाठीराखा होतो. कष्ट जितके जास्त, तितका ‘यात काहीतरी असलंच पाहिजे’ हा विश्वास घट्ट.

अभिमानाची ढाल

काही वेळा या वर्तुळाला सगळ्या समाजाचं बळ मिळतं. चीनमध्ये वेई लेई हे ताई चीचे गुरू सरकारी दूरचित्रवाणीवर झळकले होते. हातावरचं कबुतर उडू न देण्याचं कसब त्यांनी तिथे दाखवलं होतं. एप्रिल २०१७मध्ये छंगदू शहरात मिश्र मार्शल आर्ट्सचे प्रशिक्षक शू श्याओतुंग यांनी त्यांना अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं. खरा धक्का त्यानंतरचा आहे. रोष गुरूवर आला नाही, शू यांच्यावर आला. चीनच्या वुशू संघटनेने ही लढत युद्धकलेच्या नीतीला सोडून असल्याचं म्हटलं. पुढे एका नामवंत ताई ची गुरूंना भोंदू म्हटल्याबद्दल न्यायालयाने शू यांना माफी मागायला आणि भरपाई द्यायला लावलं. त्यांच्यावर विमानाची आणि वेगवान रेल्वेची तिकिटं काढण्यावर निर्बंध आले.

परंपरेचा अभिमान ही चांगली गोष्ट आहे. सकाळी बागेत ताई ची करणाऱ्या लाखो वृद्धांना त्यातून आरोग्य आणि सोबत मिळते आणि ते काही खोटं नव्हे. पण एखाद्या गुरूचा दावा तपासणं म्हणजे देशाचा अपमान, असं समीकरण झालं, की त्या गुरूला कुणी हात लावू शकत नाही. आपल्या प्राचीन विद्यांबद्दल बोलताना आपणही हे लक्षात ठेवलेलं बरं.

माती सगळं सांगते का?

इथे महाराष्ट्रातला वाचक म्हणेल, की आमच्या कुस्तीत असलं काही चालायचं नाही. ते बऱ्याच अंशी खरं आहे. तालमीत वस्तादांचा शब्द अखेरचा. पोरं पाया पडतात, मातीची मशागत करतात, वस्ताद सांगतील तितके जोर मारतात, सांगतील तो खुराक घेतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ भक्ती वाटेल. पण वस्तादांनी शिकवलेला डाव खरा की खोटा, हे वस्ताद ठरवत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानासारख्या ठिकाणी, हजारो जाणकारांच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्या तालमीचा पैलवान ते ठरवतो. पाठ मातीला लागली की लागली. जीभ कुठे होती आणि अंगठा कुठे होता, असं तिथे कुणी विचारत नाही. कसोटी उघड आहे आणि ती परक्याच्या हातात आहे, म्हणून वस्तादांबद्दलचा आदर आंधळा होत नाही.

तरीही एवढ्यावर निर्धास्त होता येणार नाही. माती डावाची परीक्षा घेते, माणसाच्या वागण्याची नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सू ही तर रोजच्या खऱ्या झटापटीवर उभी असलेली कला, पण तिथेही एक आखाडा सोडून दुसऱ्यात गेलेल्याला ‘क्रेऑन्ते’ म्हणून गद्दार ठरवण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. आपल्या देशात जानेवारी २०२३मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगट यांच्यासारख्या नामांकित कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या आणि कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला खेळाडूंच्या लैंगिक छळाचे आरोप झाले. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयात व्हायचा आहे. पण जगभरच्या मैदानांत कुणालाही न घाबरलेल्या, ऑलिंपिक पदक मिळवलेल्या खेळाडूंनाही तक्रार ऐकून घेतली जावी म्हणून रस्त्यावर बसावं लागलं, एवढं तर सगळ्या देशाने पाहिलं. मग गल्लीतल्या क्लासमध्ये जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीने कुणाकडे जायचं?

म्हणून माझ्या लेखी कसोट्या दोन आहेत. पहिली डावाची, म्हणजे शिष्याला न पडायची मुभा आहे का. दुसरी आयुष्याची, म्हणजे शिष्याला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे का. पहिल्या कसोटीला उतरलेली कला दुसऱ्या कसोटीत सपशेल नापास होऊ शकते.

आदर आणि दास्य

वाकून नमस्कार, एकसारखा पोशाख, वर्गात शांतता, जमीन पुसणं, वरिष्ठांचं ऐकणं, यातल्या कशालाही बुवाबाजी म्हणू नये. जिथे एका चुकीने मान मोडू शकते तिथे शिस्त लागतेच आणि मुलांना ती आवडतेही. पाहायचं ते एवढंच, की ती शिस्त वर्गाच्या दारापाशी संपते की घरापर्यंत येते. मुलाने कुणाशी मैत्री करावी, कोणत्या शाखेला जावं, आईवडिलांना काय सांगू नये, हे जर सर ठरवू लागले, तर ती शिस्त राहिली नाही.

पालकांनी काही गोष्टी निःसंकोच कराव्यात. सराव चालू असताना बसून पाहू देतात का, ते विचारावं. वर्षभराची फी आणि परीक्षांचा खर्च आधीच लेखी मागावा. एखाद्या महिन्यात मुलाला दुसरीकडे सराव करू द्यावा आणि सरांचा चेहरा पाहावा. मुलगी किंवा मुलगा एकट्याने सरांबरोबर शिबिराला, स्पर्धेला, घरी जात असेल तर ते होऊ देऊ नये, मग सर कितीही चांगले असोत. चांगल्या सरांना या नियमाचा राग येत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२चा पॉक्सो कायदा आहे. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे आणि क्लासची बदनामी होईल ही सबब तिथे चालत नाही.

निरोगी कला कशी असते, याचं उदाहरण ज्युदोनेच घालून दिलं. १९६४मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदाच आलं. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत निप्पॉन बुदोकानच्या भरगच्च सभागृहात डच खेळाडू अँटोन गेसिंक यांनी जपानच्या कामिनागा अकिओ यांना जमिनीवर दाबून धरलं आणि जिंकले. आनंदाने मंचाकडे धावलेल्या आपल्या पाठीराख्यांना गेसिंक यांनी हात वर करून थांबवलं आणि प्रतिस्पर्ध्याला रीतसर वंदन केलं. ज्युदोच्या जन्मभूमीत, जपानी प्रेक्षकांसमोर परदेशी शिष्य जिंकला होता. जीभ चुकली, शक्ती वापरली नाही, असला खुलासा कुणी पुढे केला नाही. जपानला दुःख झालं, पण ज्युदो संपलं नाही. उलट ते खऱ्या अर्थाने जगाचं झालं. जी कला हरू शकते तिच्यातच शिकण्यासारखं काही असतं.

आपल्या मुलांना आपण स्वसंरक्षणासाठी क्लासला घालतो. अंगावर आलेल्याला ‘नाही’ म्हणता यावं, हाच त्यामागचा हेतू. ज्या वर्गात सरांनाच ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथे मुलं त्याच्या नेमकं उलट शिकतात. तेव्हा नाव घालण्यापूर्वी भिंतीवरची पदकं आणि प्रमाणपत्रं जरूर पाहा. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा, की इथून कोण कोण सोडून गेलं आणि आता ते काय करतात? त्यांच्याबद्दल सर आपुलकीने बोलले, कुणी पुढे कुठे शिकायला गेलं ते सांगू लागले, तर निश्चिंत मनाने मुलाला तिथे पाठवा. गेलेला प्रत्येक जण गद्दार, कमकुवत किंवा कृतघ्न निघाला, तर मुलाचा हात धरून तिथून परत फिरा.